मेंदूतली लांबी

साकीनाक्याला खैरानी रोडच्या आसपास डेंटिंग-पेंटिंगची गॅरेजं आहेत. पत्रा चेपला की आधी ठोकून सरळ करतात, उरलेल्या खड्ड्यात लांबी भरतात, वाळली की घासतात आणि वरून रंग मारतात. लांबी म्हणजे निव्वळ भर.

आपल्या मेंदूतल्या जवळपास निम्म्या पेशींबद्दल विज्ञानाचं मत बराच काळ असंच होतं. १८५६ साली रुडॉल्फ व्हिर्खो या जर्मन डॉक्टरने लिहिलं, की चेतापेशींच्या अधेमधे त्यांना धरून ठेवणारं काहीतरी असतं. त्याला त्याने ‘न्यूरोग्लिया’ म्हटलं. ग्लिया म्हणजे ग्रीकमध्ये सरस. त्याचा जर्मन शब्द अजून मजेदार आहे : ‘नेर्व्हनकिट’. किट म्हणजे खिडकीच्या काचा बसवतात ती लांबी!

या सगळ्यात मी शिरलो तो एका अपघातामुळे. आमच्या गाळ्यातला एक सहकारी पावसात सफेद पुलाजवळ बाइकवरून पडला. हेल्मेट होतं, पण पट्टा लावलेला नव्हता. सीटी स्कॅन नॉर्मल आला आणि तिसऱ्या दिवशी तो घरी गेला. नंतर मात्र त्याला ट्यूबलाइटचा उजेड सहन होईना, साधे हिशेब चुकायला लागले, चहा गार आला म्हणून तो रडला. मालक म्हणाला, “रिपोर्ट नॉर्मल आहे ना? मग नाटकं कशाला?” त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना मी थेट माद्रिदला पोहोचलो.

माद्रिदमध्ये सांतियागो रामोन इ काहाल हे चेतापेशींचे सम्राट होते. १९१३ साली त्यांनी सोन्याच्या क्षाराने रंगवून ताऱ्यांच्या आकाराच्या ग्लिया पेशी, म्हणजे अ‍ॅस्ट्रोसाइट, लख्ख दाखवल्या. उरलेल्या, नीट न रंगणाऱ्या पेशींना त्यांनी नुसतं ‘तिसरा घटक’ म्हणून टाकलं. त्यांच्याच हाताखालच्या पिओ देल रिओ ओर्तेगाने चांदीचा क्षार वापरला आणि १९१९ मध्ये त्या घटकातून एक वेगळीच जात काढली : मायक्रोग्लिया. मेंदूला इजा झाली की या पेशी आपल्या फांद्या आखडतात, गोल होतात, जखमेकडे सरकतात आणि मेलेल्या पेशींचा राडा गिळतात. गुरूंना हे पटलं नाही. १९२० मध्ये ओर्तेगाला प्रयोगशाळेतून काढलं गेलं. पुढे यादवी युद्धात त्याने स्पेन सोडला आणि १९४५ मध्ये ब्वेनोस आइरेसमध्ये तो वारला. मला या गोष्टीत काहालपेक्षा तोच जवळचा वाटतो.

त्याच्याकडे १९२४ साली एक तरुण सर्जन शिकायला आला, वाइल्डर पेनफिल्ड. डोक्याला मार लागलेल्या माणसाला बरं झाल्यावर कितीतरी दिवसांनी फिट का येते, हा त्याचा प्रश्न होता. चांदीने रंगवलेल्या काचपट्ट्यांवर त्याने मेंदूची जखम भरताना पाहिली : अ‍ॅस्ट्रोसाइटच्या धाग्यांचा आणि रक्तवाहिन्यांचा व्रण तयार होतो, तो आकसतो आणि भोवतालचा मेंदू ओढून घेतो. पुढे १९३४ मध्ये पेनफिल्डने मॉन्ट्रियलला संस्था काढली. तिथे शिकून आलेल्या जेकब चँडींनी १९४९ मध्ये वेल्लोरला भारतातला पहिला न्यूरोसर्जरी विभाग सुरू केला. आपल्या मुंबईत जे. जे.च्या आवारात दराब दस्तूर यांच्या न्यूरोपॅथॉलॉजी विभागानेही अनेक वर्षं अशाच काचपट्ट्या वाचल्या.

पण काचपट्टीवरची पेशी मेलेली असते. २००५ मध्ये दोन गटांनी जिवंत उंदराच्या मेंदूत पाहिलं, तेव्हा ‘विश्रांती घेणाऱ्या’ म्हणवल्या जाणाऱ्या मायक्रोग्लिया सतत हातपाय हलवत, आजूबाजूला चाचपत होत्या. लेसरने बारीकशी जखम केल्यावर काही मिनिटांतच त्यांच्या फांद्यांनी तिला वेढा घातला. लांबी आपणहून खड्ड्याकडे निघाली होती.

अ‍ॅस्ट्रोसाइट सावकाश येतात. फुगतात, जीएफएपी नावाचं प्रथिन जास्त बनवतात आणि जखमेभोवती कुंपण घालतात. हे कुंपण चेतातंतूंना परत वाढू देत नाही, असं पाठ्यपुस्तकं कित्येक दशकं सांगत होती. २०१६ मध्ये मायकल सोफ्रोनिव्ह यांच्या गटाने उंदरांच्या जखमी मज्जारज्जूत व्रण होऊच दिला नाही, तरीही तंतू वाढले नाहीत. उलट व्रणामुळे वाढीला मदत होते असं दिसलं. मेंदूबाबतही तसंच असेल का, हा वेगळा प्रश्न. पण खलनायक इतक्या सहज ठरवू नये.

मालकाच्या प्रश्नाशी मला सगळ्यात जवळचं वाटलं ते लंडनमधलं २०११ चं काम. मेंदूला मध्यम ते गंभीर इजा झालेल्या दहा जणांचे पेट स्कॅन त्यांनी काढले. काहींना मार लागून ११ महिने झाले होते, तर एकाला चक्क १७ वर्षं. मायक्रोग्लिया अजून जाग्या होत्या, आणि त्याही मूळ जखमेच्या जागी नव्हे तर दूर, थॅलॅमससारख्या भागात. आग विझली तरी बंब रस्त्यातच उभा. माझ्या सहकाऱ्याची इजा बहुधा एवढी मोठी नव्हती, त्यामुळे त्याच्या डोक्यात हेच चाललंय असं मी म्हणणार नाही. पण सीटी स्कॅन हाडं आणि रक्तस्राव बघतो, या पेशी नाही, एवढं मी मालकाला सांगितलं. त्याने दोन महिने हलकं काम दिलं, हिशेबाशिवायचं.

२०१८ मध्ये अमेरिकेत एका रक्ततपासणीला मंजुरी मिळाली. डोक्याला मार लागल्यावर १२ तासांच्या आत रक्त घ्यायचं आणि सीटी स्कॅनची गरज आहे का ते ठरवायचं. ती दोन प्रथिनं मोजते. एक चेतापेशींतलं, दुसरं जीएफएपी, म्हणजे अ‍ॅस्ट्रोसाइटमधून रक्तात सांडलेलं.