सात दिवस, एक कयाक आणि शेकडो बेटं: मेनच्या समुद्रातल्या सफरीचं प्लॅनिंग कसं करतात?

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला असलेल्या मेन राज्याच्या किनाऱ्यावर ३ हजारांहून अधिक बेटं आहेत. त्यातल्या अनेक बेटांना जोडणारा 'मेन आयलंड ट्रेल' हा सुमारे ६०० किलोमीटरचा जलमार्ग १९८८ मध्ये सुरू झाला. या मार्गावर २०० हून अधिक ठिकाणी उतरता येतं, काही ठिकाणी तंबू टाकून राहताही येतं. पण आठवडाभराची सफर करायची तर तयारी नेमकी कशाची करावी लागते?

आठवड्यात किती अंतर कापायचं?

सामानाने भरलेली कयाक ताशी साधारण ४ ते ५ किलोमीटर जाते. त्यामुळे दिवसाला १२ ते १८ किलोमीटर पुरे. सातपैकी पाचच दिवस वल्हवायचे धरावेत आणि दोन दिवस खराब हवामानासाठी राखून ठेवावेत. उन्हाळ्यात दुपारनंतर नैऋत्येचा वारा वाढतो, म्हणून मोठं उघडं पाणी सकाळीच ओलांडलेलं बरं. स्टोनिंग्टन गाव आणि आयल ओ हो बेट यांच्यामध्ये ग्रॅनाइटची डझनावारी छोटी बेटं जवळजवळ आहेत. तिथे बेटांच्या आडोशाने जाता येतं.

भरती-ओहोटीचं गणित

पोर्टलंडजवळ भरती आणि ओहोटीच्या पातळीत जवळपास ३ मीटरचा फरक पडतो. पूर्वेला ईस्टपोर्टकडे तो याच्या सुमारे दुप्पट असतो. पाणी साधारण सहा तासांत चढतं, पण सारख्या वेगाने नाही. मधल्या दोन तासांतच निम्मं पाणी चढतं. त्या वेळी अरुंद खाडीतला प्रवाह जोरात असतो.

आठवड्याच्या सफरीत दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात:

- भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. पहिल्या दिवशी सकाळी ९ ला असलेली भरती सातव्या दिवशी दुपारी २ च्या सुमारास येते. त्यामुळे निघण्याची एकच वेळ सातही दिवस चालत नाही.
- अष्टमीच्या सुमारास भांग, तर पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण, हे कोकणातलं गणित इथेही लागू पडतं. भांगाच्या दिवसांत निघालं तर आठवड्याअखेर पाणी आधीच्या खुणेच्या वर चढतं. कयाक उंचावर नेऊन बांधली नाही, तर ती रात्रीत वाहून जाऊ शकते.

सगळ्यात मोठा धोका: थंड पाणी

भर जुलैतही इथलं पाणी साधारण १५ अंश सेल्सियसच्या आसपास असतं, पूर्वेकडे त्याहूनही थंड. अशा पाण्यात कयाक उलटली तर काय होतं, हे समजण्यासाठी '१-१०-१' हा ठोकताळा वापरला जातो. पहिलं १ मिनिट श्वास ताब्यात आणण्याचं. पुढची साधारण १० मिनिटं हातपाय नीट चालतात. शुद्ध हरपायला साधारण १ तास लागू शकतो.

म्हणजे कयाकमध्ये परत चढायचं ते त्या १० मिनिटांतच. म्हणूनच लाइफ जॅकेट अंगावरच हवं आणि कपडे हवेपेक्षा पाण्याच्या तापमानाला साजेसे, म्हणजे वेटसूट किंवा ड्रायसूट. पाण्यातून कयाकमध्ये परत चढण्याचा सराव निघण्यापूर्वीच झालेला असावा.

धुकं आणि लॉबस्टरच्या बोटी

उन्हाळ्यात इथे दाट धुकं पडतं. बुटकी कयाक लॉबस्टर पकडणाऱ्या बोटींना सहज दिसत नाही, रडारवरही नीट उमटत नाही. होकायंत्र, कागदी सागरी नकाशा, शिट्टी आणि व्हीएचएफ रेडिओ जवळ हवा. चॅनल १६ आणीबाणीसाठी असतो.

बेटांवर राहताना

- बहुतेक बेटांवर गोडं पाणी नाही. माणशी दिवसाला ४ लिटर धरलं तर सात दिवसांचं वजन २८ किलो होतं. त्यामुळे मध्ये पाणी भरून घेता येईल असं गाव मार्गात ठेवावं.
- काही बेटं खासगी मालकीची आहेत. कुठे राहता येतं, किती जणांना आणि किती रात्री, हे प्रत्येक बेटागणिक बदलतं.
- शेकोटीऐवजी स्टोव्ह वापरावा. मानवी विष्ठेसह सगळा कचरा सोबत परत आणावा लागतो.

निघण्यापूर्वी

मार्ग, मुक्काम, कयाकचा रंग आणि परतीची वेळ किनाऱ्यावरच्या एखाद्या व्यक्तीकडे लिहून द्यावी. किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर कोस्ट गार्डला कळवायचं, हेही त्यात असावं. आणि परतल्यावर त्या व्यक्तीला फोन करायला विसरू नये, नाहीतर शोधमोहीम उगाचच सुरू होते.