उडत्या तबकड्यांचा साक्षीपुरावा

उडत्या तबकड्या म्हटले की आपल्याकडे थट्टाच सुरू होते. १९५६ साली अमेरिकेत निघालेला त्यांवरील अनुबोधपट मात्र गंभीर आहे. वायुदलाची प्रसिद्धी सांभाळणाऱ्या आल्बर्ट चॉप यांची ती कहाणी. पण पडद्यावर चॉप होतात टॉम टॉवर्स हे पत्रकार. साक्षीदाराच्या जागी सोंग उभे केले, की अनुबोधपटात उरते काय?

आमच्या मते उरतात त्या दोन रंगीत चित्रफिती: निक मारियाना यांनी १९५० मध्ये माँटानात, आणि डेल्बर्ट न्यूहाउस या नौदलाच्या छायाचित्रकाराने १९५२ मध्ये युटात टिपलेल्या. दिसतात ते नुसते तेजस्वी ठिपके. युटातले ठिपके पक्षी नव्हेत, असे नौदलाच्या तज्ज्ञांचे मत पडले. १९५३ च्या रॉबर्टसन समितीला ते पक्षीच वाटले. आम्हीही समितीकडेच झुकतो. परंतु तिचा अहवाल तेव्हा गुप्त होता, त्यामुळे प्रेक्षकांपुढे एकच बाजू आली.

आमच्या कागलशेजारी, कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर याच प्रश्नाकडे निराळ्या वाटेने गेले. २००१ साली हैदराबादहून बलून सोडून त्यांच्या गटाने ४१ किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे नमुने आणले. त्यांत सूक्ष्मजीव आढळले. ते अंतराळातून आले की पृथ्वीवरूनच वर गेले, यावर वाद झाला. नमुने मात्र प्रयोगशाळेत होते.