जळकोटची सायकल आणि शर्यतींची दुनिया

जळकोट हे तुळजापूर तालुक्यातले गाव सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर, नळदुर्ग आणि उमरगा यांच्या दरम्यान आहे. या पट्ट्यात रुळलेली सायकल शर्यतीतून आलेली नव्हती. २८ इंची चाके, सळईचे ब्रेक, भक्कम कॅरिअर आणि काळा रंग हा इंग्रजी रोडस्टरचा घाट. स्वातंत्र्यानंतर मद्रासची टीआय (१९४९), सोनीपतची ॲटलास (१९५१) आणि लुधियानाची हीरो (१९५६) या कारखान्यांनी तो खेड्यापर्यंत पोचवला. फ्रान्समधली ‘टूर द फ्रान्स’ ही शर्यत एका वृत्तपत्राने खप वाढवण्यासाठी १९०३ मध्ये सुरू केली. तिथे १९३७ पासून साखळी बदलणाऱ्या गिअरला मुभा मिळाली. मराठवाड्यातल्या सायकलला मात्र पुढची कित्येक दशके एकच गिअर होता, आणि दुधाचे कॅन, ज्वारीचे पोते किंवा डबलसीट बसलेला भाऊ न्यायला तो पुरत असे.

ज्यांना सायकल परवडत नसे, ते तासाच्या भाड्याने घेत. मागच्या मडगार्डवर दुकानाचे नाव आणि नंबर रंगवलेला असे. सीटवर बसून पाय न पुरणारी मुले नळीखालून पाय घालून कैची मारत शिकत, आणि सोललेले गुडघे घेऊन वेळेत सायकल परत करायला धावत.

सायकलचा पराक्रम म्हणून मराठवाड्यातल्या खेड्यांनी पाहिला तो फिरत्या कसरतवाल्याचा. गावातल्या मैदानात तो काही दिवस-रात्र सायकलवरून न उतरता गोल फिरे. जेवण, आंघोळ, दाढी सारे चालत्या सायकलवर. लाउडस्पीकरवर गाणी लागत, रात्री गर्दी जमे, लोक नोटा टाचत. व्यावसायिक सायकलपटूचे हे अस्सल देशी रूप होते. क्रीडेच्या इतिहासात त्याची नोंद झाली नाही, ही खरी उणीव आहे. मुंबई-पुणे शर्यत आणि बोरघाटात पहिला येणारा ‘घाटाचा राजा’ इकडे कळत ते वर्तमानपत्रातून.

उत्तेजकांची प्रकरणे तर त्याहून दूरची. १९६७ च्या ‘टूर द फ्रान्स’मध्ये सायकलपटू टॉम सिम्प्सन माँ व्हाँतू डोंगराच्या चढावर कोसळून मरण पावला; त्याच्या शरीरात अँफेटामाइन सापडले. १९९८ मध्ये त्याच शर्यतीतल्या फेस्टिना संघाच्या गाडीत औषधांचा साठा पकडला गेला आणि पुढच्या वर्षी जागतिक उत्तेजकविरोधी संस्था स्थापन झाली. २०१२ मध्ये लान्स आर्मस्ट्राँगची या शर्यतीची सातही विजेतेपदे काढून घेतली गेली. शर्यतीवरचा विश्वास यामुळे ढासळला. पण शाळेला आणि शेताला जाणारा माणूस त्या विश्वासावर सायकल चालवत नव्हताच. खेड्यातली सायकल मागे पडली ती हप्त्यावर मिळणाऱ्या मोटारसायकलीमुळे आणि महामार्गावर वाढलेल्या जड वाहनांमुळे.

शर्यतीचे वारे लागले ते शहरांना. गिअरच्या हलक्या सायकली पुण्या-नाशिकच्या दुकानांत दिसू लागल्या. २०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ पुरी केली, आणि सायकल पुन्हा मानाची झाली. तरी हा मान बहुतेक पहाटेच्या व्यायामाला मिळाला, कामाच्या फेरीला कमी. मानव विकास कार्यक्रमातून राज्याच्या मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. त्यांचा घाट आजही साधाच असतो: एक गिअर, पुढे बास्केट आणि मागे कॅरिअर.