टाइमशेअर : हक्क आठवड्याचा, बांधिलकी पंचवीस वर्षांची

लोणावळा, महाबळेश्वर किंवा गोव्यातील एखाद्या रिसॉर्टमध्ये दरवर्षी ठरावीक दिवस राहण्याचा हक्क आगाऊ पैसे भरून विकत घेणे, या व्यवहाराला टाइमशेअर म्हणतात. भारतात ही पद्धत १९८०च्या दशकात रुजली. या क्षेत्रातील स्टर्लिंग हॉलिडे रिसॉर्ट्सची स्थापना १९८६ची, तर महिंद्रा हॉलिडेजची १९९६ची आहे. सभासदत्व घेताना ग्राहकाचे लक्ष मुख्यतः किमतीकडे असते. प्रत्यक्षात किंमत एकदाच भरावी लागते. देखभाल शुल्क मात्र मुदत संपेपर्यंत, अनेकदा २५ वर्षे, दरवर्षी द्यावे लागते. ते किती असावे, कोणी ठरवावे आणि त्याबदल्यात काय मिळावे, हे व्यवस्थापनविषयक करारात लिहिलेले असते. टाइमशेअरसाठी भारतात स्वतंत्र कायदा नाही. त्यामुळे हा करारच ग्राहकाचा मुख्य आधार ठरतो.

हक्क मालकीचा की वापराचा?

करार वाचताना पहिला प्रश्न हक्काच्या स्वरूपाचा. ग्राहकाला इमारतीत मालकीचा हिस्सा मिळत असेल किंवा एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा दिला जात असेल, तर १९०८च्या नोंदणी कायद्यानुसार तो दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो. बहुतेक योजनांत मात्र केवळ सभासदत्व, म्हणजे वापराची परवानगी दिली जाते. १८८२च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यातील कलम ५२ नुसार अशा परवान्याने मालमत्तेत कोणताही हितसंबंध निर्माण होत नाही. त्याच कायद्याचे कलम ५९ अधिक महत्त्वाचे आहे. परवाना देणाऱ्याने मालमत्ता दुसऱ्याला विकली, तर नवा मालक केवळ त्या परवान्यामुळे बांधला जात नाही. म्हणूनच रिसॉर्ट विकले गेल्यास किंवा त्याची भाडेपट्ट्याची मुदत संपल्यास समान दर्जाची पर्यायी सोय देण्याची जबाबदारी कोणाची, हे करारात स्पष्ट लिहिलेले असणे आवश्यक आहे.

व्यवस्थापनाच्या कलमांत काय पाहावे?

विकासक आणि व्यवस्थापन पाहणारी कंपनी अनेकदा वेगवेगळ्या असतात. अशा वेळी ग्राहकाचा करार नेमका कोणाशी झाला आहे, हे पाहावे. त्याखेरीज पुढील बाबी लेखी असाव्यात :

* देखभाल शुल्काची रक्कम, दरवर्षीच्या वाढीचे सूत्र आणि वाढीची कमाल मर्यादा. ‘कंपनी ठरवेल त्याप्रमाणे’ एवढाच उल्लेख पुरेसा नाही.
* शुल्कात कोणते खर्च येतात आणि वीज, कर, फर्निचर बदलणे किंवा मोठ्या दुरुस्तीसाठी वेगळी आकारणी होणार का, याचा खुलासा.
* जमाखर्चाचा लेखापरीक्षित तपशील सभासदाला पाहता येईल की नाही.
* आरक्षण किती दिवस आधी करावे, गर्दीच्या हंगामाचे नियम काय आणि खोली न मिळाल्यास भरपाई कोणती.
* वापरच केला नाही, तरी त्या वर्षीचे शुल्क द्यावे लागते का आणि न वापरलेले दिवस पुढील वर्षी मिळतात का.
* सभासदत्व सोडणे, हस्तांतरित करणे आणि वारसांच्या नावे करणे यांच्या अटी. तसेच परताव्याचा हिशेब.

विक्रेत्याने तोंडी दिलेली आश्वासने करारात नसतील, तर पुढे ती सिद्ध करणे कठीण जाते. ‘या करारापलीकडील कोणतेही आश्वासन ग्राह्य धरले जाणार नाही’ असे कलम छापील करारांत सर्रास आढळते.

परदेशात काय तरतूद आहे?

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या कायद्यातील प्रकरण ७२१ केवळ टाइमशेअरविषयी आहे. त्यानुसार खरेदीदाराला १० दिवसांत करार रद्द करता येतो. व्यवस्थापकावर वार्षिक अंदाजपत्रक, हिशेबाच्या वह्या आणि लेखापरीक्षण यांचे बंधन आहे. मतदानाने व्यवस्थापकाला हटविण्याची तरतूदही त्यात आहे. युरोपीय संघाच्या २००८च्या निर्देशानुसार माघार घेण्यासाठी १४ दिवस मिळतात आणि त्या काळात आगाऊ रक्कम घेण्यास मनाई आहे. भारतात टाइमशेअरसाठी असा वैधानिक माघार-कालावधी नाही. करारात तो असेल तरच ग्राहकाला मिळतो. म्हणून त्याच दिवशी सही करण्याचा आग्रह झाल्यास मसुदा घरी नेऊन वाचणे हिताचे ठरते.

गुंतवणूक म्हणून विकल्यास सावध

सुटीच्या हक्काऐवजी ‘मुदतीनंतर वाढीव रक्कम परत’ असे सांगितले जात असेल, तर प्रकरण सेबीच्या कक्षेत जाऊ शकते. सेबी कायद्याच्या कलम ११एए नुसार अनेकांचे पैसे एकत्र करणे, नफ्याची अपेक्षा, गुंतवणूकदारांच्या वतीने व्यवस्थापन आणि दैनंदिन कारभारावर त्यांचे नियंत्रण नसणे या निकषांवर योजना सामूहिक गुंतवणूक ठरते. तिला सेबीची नोंदणी लागते. मुंबईतील पॅनकार्ड क्लब्जच्या ‘रूम नाइट’ योजना अशाच ठरवून सेबीने २९ फेब्रुवारी २०१६ रोजी रक्कम परत करण्याचा आदेश दिला. ५० लाखांहून अधिक गुंतवणूकदारांचे सुमारे ७,०३५ कोटी रुपये त्यात अडकले होते. रोखे अपील न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये हा आदेश कायम ठेवला.

दाद कोठे मागावी?

२०१९चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. सेवेतील त्रुटीबद्दल ग्राहक आता आपण राहतो वा नोकरी करतो त्या ठिकाणी तक्रार करू शकतो. रिसॉर्ट गोव्यात असले, तरी नाशिकच्या ग्राहकाला नाशिकच्या जिल्हा आयोगाकडे जाता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. अवाजवी दंड, सबळ कारणाशिवाय एकतर्फी रद्द करण्याचा अधिकार किंवा ग्राहकाला तोट्यात टाकणारी अवास्तव आकारणी असेल, तर तो ‘अनुचित करार’ ठरू शकतो. अशी तक्रार मात्र जिल्हा आयोगाकडे नव्हे, तर राज्य किंवा राष्ट्रीय आयोगाकडे करावी लागते. करारात लवादाचे कलम असले, तरी ग्राहक आयोगाचा मार्ग बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एम्मार एमजीएफ प्रकरणात स्पष्ट केले आहे.

प्राथमिक मार्गदर्शनासाठी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. सहीचा करार, माहितीपत्रक, शुल्काच्या पावत्या आणि आरक्षण नाकारल्याचा ईमेल जपून ठेवल्यास तक्रारीला बळ मिळते.