चाकांची खुर्ची आणि जत्रेची रांग

1893 सालचं शिकागोचं जागतिक प्रदर्शन आपल्याकडे माहीत आहे ते स्वामी विवेकानंदांमुळे. त्याला जोडूनच सर्वधर्म परिषद भरली होती. सहा महिन्यांत तिथे पावणेतीन कोटींच्या घरात माणसं लोटली. मैदान सहाशे एकरांहून मोठं. ते पायी पालथं घालणं धडधाकट माणसालाही जड जाई. म्हणून तिथे चाकांच्या खुर्च्या भाड्याने मिळत आणि त्या ढकलायला कॉलेजची मुलं असत. 1876च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनातही अशा खुर्च्या होत्या. अटलांटिक सिटीत समुद्रकाठच्या लाकडी वाटेवर त्या 1880च्या दशकात आल्या त्या आजाऱ्यांसाठी. पण लवकरच हौशी जोडपी त्यांत बसू लागली आणि खुर्ची दोघांच्या मापाची झाली.

आज थीम पार्कच्या दाराशी भाड्याने मिळणाऱ्या व्हीलचेअरचा एक पूर्वज हा. ढकलणारा माणूस पैसे मोजून मिळायचा. जागा मात्र होती तशीच राहायची, पायऱ्यांसकट.

स्वतःच्या हाताने चालवायच्या खुर्चीचं घराणं वेगळं आहे. ती गरजवंतांनी घडवली. न्यूरेंबर्गजवळ राहणारा घड्याळजी स्टीफन फार्फलर चालू शकत नव्हता. 1655 मध्ये त्याने हाताने दांडा फिरवून चालणारी तीनचाकी स्वतःसाठी बनवली. हर्बर्ट एव्हरेस्ट हा खाण अभियंता. 1918च्या अपघातात त्याचा कणा मोडला. त्या काळच्या खुर्च्या लाकडी, बोजड, मोटारीत न मावणाऱ्या. अभियंता मित्र हॅरी जेनिंग्ज याच्याबरोबर त्याने 1933च्या सुमारास पोलादी नळ्यांची, फुलीसारख्या आडव्या पट्ट्यांवर मिटणारी खुर्ची तयार केली. पुढे 1978 मध्ये हँग ग्लायडरवरून पडून अधू झालेल्या मॅरिलिन हॅमिल्टनने ग्लायडर बनवणाऱ्या मित्रांकडूनच हलक्या ॲल्युमिनियमची खुर्ची करून घेतली. मिशिगनच्या अल थीम यांनी 1968 मध्ये घरातल्या माणसासाठी बॅटरीवरची छोटी गाडी केली. आज पार्कांत दिसणाऱ्या स्कूटरची सुरुवात तिथली.

एव्हरेस्ट-जेनिंग्जची खुर्ची लॉस एंजेलिसची, आणि 1955 मध्ये उघडलेलं डिस्नेलँडही त्याच शहराजवळ, ॲनाहाइमला. दोन्ही गोष्टी मोटारीच्या जगात जन्मल्या. डिकीत मिटून ठेवलेली खुर्ची पार्किंगमध्ये उघडली की फाटकापर्यंत माणूस विनासायास पोचायचा. अडचण फाटकाच्या आत होती.

थीम पार्क म्हणजे मुळात रांग. पाळण्यात मिनिटं दोन-तीन, रांगेत तास. गर्दी कमी जागेत मुरवायची म्हणून रांग कठड्यांमधून नागमोडी फिरवतात, आणि त्या काटकोनी वळणावर व्हीलचेअर अडते. शिवाय डिस्नेलँडमधल्या 1969च्या हाँटेड मॅन्शनसारख्या खेळांत आसनांची साखळी थांबतच नाही. सरकत्या पट्ट्यावर पाऊल ठेवून पटकन बसायचं. एकाला बसवायला ती मंद केली किंवा थांबवली, तर आत बसलेले सगळेच थांबतात. भराभर माणसं हलवणं हेच ज्या यंत्राचं काम, त्यात सावकाश बसणाऱ्याचा विचार मागाहूनच होतो.

त्यावर तोडगा निघाला तो मागच्या दाराचा. व्हीलचेअरवाल्यांना बाहेर पडायच्या वाटेने आत सोडायचं. सोय झाली, पण रांग होती तशीच राहिली आणि लोकांना वाटू लागलं की ह्यांची चैन आहे. मे 2013 मध्ये न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्राने छापलं, की काही श्रीमंत कुटुंबं रांग टाळायला अपंग व्यक्तीला पैसे देऊन सोबत नेतात. त्याच वर्षी ऑक्टोबरात डिस्नेने ही सवलत देणारं जुनं कार्ड बंद करून परत यायची वेळ देणारी पद्धत आणली. 2024 मध्ये, वापर फार वाढल्याचं सांगून, ही सवलत मुख्यतः ऑटिझमसारख्या विकासात्मक अडचणी असणाऱ्यांपुरती ठेवली. लबाडी खरी होती हे मान्य. पण दर वेळी कागद दाखवायची, आपलं दुखणं अनोळखी माणसाला समजावून सांगायची पाळी आली ती दुखणाऱ्यावरच, आणि मला ते चूक वाटतं.

जागेलाच हात घातला तो कायद्याने. मार्च 1990 मध्ये वॉशिंग्टनला काही आंदोलक व्हीलचेअर बाजूला ठेवून संसद भवनाच्या पायऱ्या सरपटत चढले. 26 जुलैला अपंगांच्या हक्कांचा कायदा झाला. खेळण्यांचे नियम त्यानंतरही जवळजवळ बावीस वर्षांनी, मार्च 2012 पासून बंधनकारक झाले: नव्या खेळण्यात व्हीलचेअरसाठी जागा हवी, नाहीतर खुर्चीतून सरकून बसता येईल असं आसन किंवा तशी सोय हवी. आसनाची उंची 14 ते 24 इंच. मांडी न उचलता आल्यास तीन इंचांनी काय फरक पडतो, हे सरकून बसणाऱ्यालाच कळतं.

ह्याही पुढे गेलेली एक जागा टेक्सासमध्ये सॅन अँटोनियोला आहे. गॉर्डन हार्टमन या बांधकाम व्यावसायिकाने सुट्टीत पाहिलं, की आपली अपंग मुलगी मॉर्गन पोहण्याच्या तलावात इतर मुलांशी खेळायला गेली आणि ती मुलं निघून गेली. 2010 मध्ये त्याने मॉर्गन्स वंडरलँड हे पार्क उघडलं. घोड्यांच्या चक्रात व्हीलचेअर थेट आत जाते आणि घोड्यांसोबत वरखाली होते. 2017 मध्ये शेजारी पाण्याचं पार्क झालं. बॅटरी भिजून चालत नाही म्हणून पिट्सबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी दाबलेल्या हवेवर चालणारी खुर्ची बनवली. हवेची टाकी दहा मिनिटांत भरते. अपंगांना प्रवेश फुकट आहे, आणि बाकीच्यांनाही तिथे येऊन खेळता येतं.

आपल्याकडे 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या 29व्या कलमात करमणुकीत समान सहभागाचा हक्क लिहिलेला आहे. 8 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशसुलभतेचे नियम नुसत्या शिफारशी राहून चालणार नाहीत, ते सक्तीचे करा, असं केंद्राला बजावलं. तेव्हा पुढच्या सुट्टीत पार्कचं तिकीट काढण्याआधी फोन करून विचारा: व्हीलचेअर रांगेतून जाते का, की मागच्या दाराने? आणि किती खेळण्यांत बसता येतं? घरात कुणी व्हीलचेअरवर नसलं, तरी विचारा.