गोठ्याची खोली : लातूर-नांदेडकडील घराच्या वाढीविषयी

मराठवाड्यात ‘गॅरेज’ म्हटले की मोटार दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीचे दुकान डोळ्यांसमोर येते. घरातच मोटारीसाठी राखलेली बंद खोली, या अर्थाने तो शब्द इकडे रुजलाच नाही. त्या जागेला लातूर-नांदेडकडे ‘पार्किंग’ म्हणतात, नाहीतर नुसते ‘शेड’. शब्द उसना असला तरी व्यवहार उसना नाही. जनावरांसाठी, कडब्यासाठी वा वाहनासाठी ठेवलेली जागा थोड्या पैशांत माणसांच्या वस्तीसाठी घेणे ही इकडची जुनी रीत आहे. तिचा इतिहास सलग लिहिलेला आढळत नाही. कारण घराचा इतिहास आपण वाड्यांच्या दरवाजांवरून आणि कोरीव खांबांवरून लिहितो, मागाहून घातलेल्या भिंतीवरून लिहीत नाही.

जुने घर ‘खणां’त मोजत. खण म्हणजे खांब-तुळयांच्या मधली एक जागा. पाच खणांचे घर, दहा खणी वाडा असे म्हणताना बोलणाऱ्याच्या मनात क्षेत्रफळ नसे. किती खांब रोवले आणि आणखी किती रोवता येतील, हा हिशेब असे. ‘चौरस फूट’ हे माप संपलेल्या घराचे, तर ‘खण’ हे चालू असलेल्या घराचे, असे म्हटल्यास फारसे चुकणार नाही. या घरात ढाळज होती, ओसरी होती आणि पुष्कळ ठिकाणी त्याच उंबऱ्याच्या आत गोठाही होता. भाऊ वेगळे झाले की वाटणीत एकाच्या वाट्याला गोठ्याची बाजू येई. मग गव्हाण काढून जमीन चोपायची, सारवायची, दोन खांबांमध्ये कुडाची वा मातीची भिंत घालायची आणि चूल मांडायची. छप्पर आणि मागची भिंत आयती असल्याने खर्च तो काय उरत होता! (वस्तीसाठी नसलेल्या जागेत वस्ती करण्याची गोष्ट आपल्या वाङ्मयालाही अनोळखी नाही. ‘लीळाचरित्रा’तील पटिसाळ आठवावी. असो.)

या रीतीला तडा गेला तो ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चारच्या सुमारास. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन आटोपून गावे झोपली होती. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे काही क्षणांत दगडमातीचे ढीग झाली. आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. काही गणना याहून अधिक आकडा देतात. मारले ते घरानेच. दोन-अडीच फूट रुंदीची भिंत बाहेरून भक्कम दिसे. परंतु तिची दोन तोंडे वेगवेगळी रचलेली असत. त्यांना बांधणारा आरपार दगड नसे आणि मधे माती व चुरा भरलेला असे. डोक्यावर माळवद. पाऊस गळू नये म्हणून त्यावर वेळोवेळी माती चढत गेलेली, म्हणजे छप्पर पिढ्यांगणिक जड होत गेलेले. अनेक ठिकाणी भिंती कोसळल्या आणि खांब-तुळयांचा सांगाडा मात्र उभा राहिला, ही नोंद अभियंत्यांनी केली आहे. ‘खण’ उभा राहिला, भिंत पडली. ही गोष्ट लोकांच्या मनात मात्र नेमकी उलटी ठसली : लाकूड-दगड-माती सगळेच वैरी आणि सिमेंट तेवढे सोयरे!

पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९४ पासून राबवला गेला. सर्वाधिक हानी झालेली ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. घरे जमिनीच्या मालकीनुसार ठरली : भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला ४००, त्याहून मोठ्याला ७५०. सरळ रस्ते, आखीव ओळी, प्रत्येकाचा वेगळा भूखंड. शासन आणि दात्या संस्थांनी एवढे काम इतक्या लवकर उभे केले याचे श्रेय देऊनही एक गोष्ट नोंदवली पाहिजे. मोजली गेली ती माणसांची झोपण्याची जागा. ढाळज, गोठा, कडबा, वेगळा होणारा भाऊ यांची या चौरस फुटांत गणती नव्हती. औशाकडच्या गुबाळला तर घुमटाकार घरे झाली. घुमट वाऱ्याला आणि हादऱ्याला चांगला. पण गोल भिंतीला खण जोडायचा कोठे?

लोकांनी ते उत्तर पत्र्यात शोधले. भूकंपानंतर तात्पुरत्या निवाऱ्यासाठी पत्र्याची शेडे उभारली गेली होती. पक्की घरे मिळाल्यावर ते पत्रे टाकून देणे शेतकरी कुटुंबाला परवडणारे नव्हते. ते नव्या घराच्या कडेला आले. आधी जनावरे बांधायला, मग चुलीला, मग म्हातारा-म्हातारीच्या खाटेला, पुढे दुकानाला. ढिगाऱ्यातून काढलेल्या जुन्या तुळया याच शेडांना आधार झाल्या. अभ्यासकांनी या वाढीव बांधकामाकडे कधी आराखड्याचा बिघाड म्हणून पाहिले, कधी लोकांच्या अडाणीपणाचा पुरावा म्हणून. आम्हांला ती वाटते ‘खणा’ची परत फेरी. योजनेने संपलेले घर दिले होते, लोकांनी ते पुन्हा चालू केले.

अधिक बोलका पुरावा दुरुस्तीच्या कार्यक्रमात आहे. ज्या गावांचे स्थलांतर झाले नाही, तेथील सुमारे दोन लाख घरांना मजबुतीसाठी साहाय्य मिळाले. अपेक्षा अशी की घरमालकाने जुनी भिंत आरपार दगडांनी शिवावी, माळवदाची माती कमी करावी, कोपरे बांधावेत. ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या पुढाकाराने हजाराहून अधिक गावांत ‘संवाद सहायक’ म्हणून स्त्रिया पुढे आल्या. साहित्य, हप्ते, बांधकामाची पद्धत त्यांनी घरोघर समजावली. एवढे असूनही बहुसंख्य कुटुंबांनी जुन्या घराला हात न लावता त्या पैशांत एक नवी पक्की खोली बांधणे पसंत केले. हिशेब समजण्याजोगा आहे. दुरुस्त केलेली भिंत डोळ्यांना दिसत नाही, खोली दिसते. आणि झोप लागते ती खोलीत. परिणाम असा की एकाच आवारात एक सुरक्षित खोली आणि तिच्या अंगाला पूर्वीइतकेच जड जुने घर, दोन्ही नांदत राहिली.

हीच कथा शहरात वेगळ्या वेषात चालू आहे. ‘लातूर पॅटर्न’ची ख्याती झाल्यापासून लातुरात आणि पुढे नांदेडातही बाहेरगावच्या विद्यार्थ्यांची रीघ लागली. त्यांना खोल्या हव्यात आणि घरमालकाला भाडे. खांब आयते, स्लॅब आयता. पार्किंगला भिंत घातली की खोली झाली. पैसा भिंतीत जात नाही, जमिनीत जातो. पार्किंग रस्त्याच्या पातळीवर असते, म्हणून पावसाचे पाणी आत येऊ नये यासाठी भराव घालून कोबा वा शहाबादी फरशी करावी लागते, तेवढी खोलीची उंची घटते आणि सांडपाण्याच्या नळाला उतार मिळवताना गवंड्याचा कस लागतो. मंजूर नकाशात मात्र ती जागा पार्किंगच राहते. परवानगीवाचून तिची खोली करणे हा नियमबाह्य वापर होय.

कायद्याहून अधिक महत्त्वाची गोष्ट खांबांची आहे. २६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपात, केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटरवरच्या अहमदाबादेत खाली मोकळे पार्किंग असलेल्या अनेक इमारती कोसळल्या. वरचे मजले भिंतींनी ताठ, खालचा नुसत्या खांबांवर; तो ‘मऊ मजला’ आधी खचतो. यावरून पार्किंग भिंतींनी भरले की घर बळकट होते, असा सोपा अर्थ काढला जातो. तो अर्धाच खरा. भिंती एकाच बाजूला घातल्या तर इमारत हादऱ्यात पिळवटते. भिंत अर्ध्या उंचीपर्यंत नेऊन वर खिडकी सोडली, तर खांबाचा मोकळा राहिलेला तुकडा आखूड होतो आणि सारा झटका तोच घेतो. भाड्याच्या खोलीला उजेड हवा म्हणून नेमकी हीच अर्धी भिंत घातली जाते. किल्लारीचा परिसर १९९३ साली भारतीय मानकाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या क्षेत्रात होता. २००२ च्या सुधारित आवृत्तीत तो तिसऱ्या क्षेत्रात नेण्यात आला. त्या नकाशाचा आधार घेऊन खांबांना किती सळई घालायची हे इमारत बांधताना ठरते. मागाहून पार्किंगला भिंत घालताना गवंडी विचारतो ते एवढेच, की खिडकी कोठे सोडायची.