किलोमीटर १०१ वरचा तंबू

अरब-इस्रायल बोलणी म्हटली की आपल्याला १९७७ सालची अन्वर सादात यांची जेरुसलेमभेट आठवते. पण तिच्या चार वर्षे आधी कैरो-सुएझ रस्त्यावर, कैरोपासून १०१ किलोमीटरवर, वाळवंटात एक तंबू उभा राहिला होता. इजिप्तची इस्रायलला मान्यता नव्हती. मग बोलायचे कोणाशी? हा पेच सोडवला तहानेने.

ऑक्टोबर १९७३ च्या युद्धात इजिप्तची ‘थर्ड आर्मी’ सुएझ कालव्याच्या पूर्व तीरावर वेढ्यात सापडली. तिला पाणी, अन्न, औषधे पोहोचवायची तर वाट इस्रायली चौक्यांतूनच. २८ ऑक्टोबरला, मध्यरात्र उलटल्यावर, इजिप्तचे जनरल गमासी आणि इस्रायलचे जनरल यारिव संयुक्त राष्ट्रांच्या साक्षीने समोरासमोर बसले. दोघेही शिपाईगडी, म्हणून मान्यतेचा प्रश्न बाजूला ठेवता आला. (मुत्सद्द्यांना हे इतक्या लवकर साधले असते, असे आम्हांला वाटत नाही.)

किसिंजर यांच्या मध्यस्थीने ठरलेल्या सहा कलमांवर ११ नोव्हेंबरला तिथेच सह्या झाल्या. सुएझ शहराला रोज अन्नपाणी, रस्त्यावर इस्रायली चौक्यांऐवजी संयुक्त राष्ट्रांच्या चौक्या, आणि त्या बसताच युद्धकैद्यांची अदलाबदल. शांततेच्या तहाला मात्र मार्च १९७९ उजाडला.